उस्तादांचा कान

"डॉक्टर, माणसाच्या दाढेत मोहरीएवढी कीड असली तर ती तुम्हाला दिसते," उस्ताद हातातले चाक उलटे करत म्हणाले, "आणि रस्त्याच्या मधोमध आंघोळ करता येईल एवढा खड्डा होता, तो दिसला नाही?"

"अंधार होता हो."

"मग तोंडात काय दिवे लागलेले असतात?"

दातांचा डॉक्टर हसला. म्हणजे त्याने हसण्याचा आवाज काढला. उस्तादांकडे जुन्या गाडीचे चाक घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा आवाज काढावाच लागे. तो काढला नाही तर चाक चार महिने कोपऱ्यात पडून राही आणि का पडून राहिले, हे विचारण्याची सोय नसे.

त्यांना उस्ताद ही पदवी कोणी दिली हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी स्वतःच घेतली असावी, असा एक प्रवाद होता. पण ती परत मागण्याची हिंमत कोणात नव्हती, कारण पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मिश्रधातूची चाके दुरुस्त करणारा दुसरा माणूस त्या शहरात नव्हता. दुसरे होते ते नव्या गाड्यांची चाके रंगवून चकचकीत करत आणि दुरुस्ती केली असे सांगत. उस्ताद त्यांना 'न्हावी' म्हणत. वेल्डिंग करणाऱ्यांना 'डाग देणारे' म्हणत. गाडी बाळगणाऱ्यांना काय म्हणत ते त्यांच्या तोंडावरच म्हणत असल्यामुळे वेगळे सांगायला नको.

"हे कोणाकडून रंगवून आणलंत?" उस्तादांनी नखाने रंग खरवडला.

"कोपऱ्यावर एक जण आहे. म्हटलं, तुमच्याकडे येण्याआधी जरा स्वच्छ..."

"तुमच्याकडे पेशंट लिपस्टिक लावून आला म्हणजे दात नीट होतात का?"

डॉक्टराने पुन्हा तो आवाज काढला.

कारखाना म्हणजे घराच्या मागची पत्र्याची शेड. तिच्या एका भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी उघडे. समोरच्या भिंतीवर एक पाटी होती: 'आऱ्यांना वेल्डिंगचा टाका मारला जात नाही. नटाच्या भोकांना टाका मारला जात नाही. कारण विचारू नये.' पाटीखाली नापास चाके रचलेली असत. चाक नापास झाले की उस्ताद त्याला करवतीने एक आरपार काप देत आणि मगच मालकाला परत करत, म्हणजे ते कोणी पुट्टीने बुजवून, रंगवून तिसऱ्याच्या गळ्यात मारू नये. या कापापायी मालक रडत. एका निवृत्त न्यायाधीशाने तर गुडघे टेकले होते. उस्तादांनी त्याला गुडघ्यांखाली घ्यायला पोते दिले आणि करवत चालवली.

आता, माणूस उर्मट असला तरी त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. चाक आले की आधी कानशीने जराशी जागा साफ करून तिथे व्हिनेगरचा थेंब टाकायचा. थेंब फसफसला तर धातू मॅग्नेशियमचा, त्याच्याजवळ ज्योत न्यायची नाही, त्याचा कीस जमिनीवर साठू द्यायचा नाही. कोपऱ्यात कोरड्या वाळूच्या तीन बादल्या कायम भरलेल्या, कारण असा कीस पेटला की पाण्याने आणखी भडकतो. थेंब शांत बसला तर ॲल्युमिनियम. मग फक्त कडेचा बाक काढायचा, तोही लाकडी ठोकळे लावून जॅकने तासभर, कणाकणाने. ऊब द्यायची ती धातूवर साबणाची रेघ ओढून. ती रेघ तपकिरी व्हायच्या आत आच काढायची. एवढी काळजी घेणारा माणूस शहरात आपण एकटेच आहोत, असे उस्तादांचे मत होते. हे मत खरे होते, हीच पंचाईत होती.

आणि या सगळ्याच्या शेवटी कान.

बाक काढून झाल्यावर उस्तादांनी डॉक्टरचे चाक मधल्या भोकातून दोरी ओवून आढ्याच्या हुकाला टांगले. मोगरी उचलली. मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. लोखंडी हातोड्याने चाक वाजवणाऱ्याला उस्ताद शेडमध्ये पाऊल टाकू देत नसत. धड चाक घंटेसारखे वाजते आणि वाजत राहते. आत कुठे केसाएवढी जरी चीर असली तरी नाद मध्येच मरतो. काही कारागीर याच्या जोडीला चाकावर रॉकेल फासतात, पुसतात आणि वरून खडूची पूड टाकतात. चिरेत मुरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर रेघ उमटवते. उस्तादही पूर्वी ते करत. पुढे सोडून दिले. रॉकेल आणि खडू हा ज्यांना कान नाही त्यांचा उपाय, असे ते म्हणू लागले, आणि हे वाक्य ऐकायला इतके चांगले होते की सगळ्यांना पटले.

त्यांनी मोगरी मारली. डोळे मिटले. मान जराशी कलती केली. डॉक्टराने श्वास रोखला.

"घ्या. शंभर वर्षं बघायला नको," उस्ताद म्हणाले.

खिडकीतून चहाचे दोन पेले बाहेर आले, त्यांच्यामागे उस्तादांच्या बायकोचा हात आणि आवाज.

"हे बद्द वाजतंय."

"काय?"

"हे चाक. बद्द वाजतंय म्हटलं. चहा घ्या."

उस्तादांनी डॉक्टरकडे पाहून ओठ वाकडे केले. "एकतीस वर्षं खिडकीतून आवाज ऐकला म्हणून हिला वाटतं आपण कारागीर झालो. तुम्ही घ्याल का हो, कंपाउंडरच्या बायकोकडून दाढ काढून?"

"काकू, एक वेळ दाढ तुमच्याकडून काढून घेईन," डॉक्टर म्हणाला, "पण चाकाला उस्तादच."

"तुमची मर्जी," काकू म्हणाल्या, आणि खिडकी लागली.

उस्तादांनी पोलादी खिळा घेऊन चाकाच्या आतल्या अंगाला एक टिंब ठोकले. हे टिंब म्हणजे त्यांची सही. जुन्या गाड्यांच्या क्लबमध्ये गाडी विकताना लोक बॉनेट उघडण्याआधी टिंब दाखवत. डॉक्टराने आपले चाक टर्किश टॉवेलात गुंडाळून नवजात बाळासारखे छातीशी धरले. रविवारी क्लबची वार्षिक फेरी होती: डोंगरावर चढायचे, फोटो काढायचे, उतरायचे. यंदा त्याची आई त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसणार होती. वडिलांची गाडी होती. वडील गेल्यापासून आई तिच्यात बसलीच नव्हती.

"घाट उतरताना ब्रेकवर उभे राहू नका," उस्ताद म्हणाले. "आणि खड्डा दिसला तर तो दात समजा."

डॉक्टर गेल्यावर उस्तादांनी खिडकी उघडली.

"गिऱ्हाइकासमोर काय ते?"

"बद्द वाजलं म्हणून बद्द म्हटलं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काहीच नाही. मी फक्त ऐकते."

बायको जुना स्वेटर उसवत बसली होती. उस्तादांना तिचा राग आला नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा यायचा. त्यांना तिला शिकवायचे होते. त्यांनी तिला शेडमध्ये बोलावले, स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसवले आणि आठ चाके निवडली. चार धड, चार डोळ्यांनाच दिसणाऱ्या चिरेमुळे नापास झालेली, पण अजून करवत न लागलेली. एकेक टांगले आणि वाजवले.

"चांगलं," बायको लोकर गुंडाळत म्हणाली. "बद्द. बद्द. चांगलं. हे अगदीच बद्द, टाका कापून. चांगलं. चांगलं. शेवटचं मघाच्या डॉक्टरसारखं आहे. वाजतं, पण मध्येच बसतं."

आठच्या आठ बरोबर.

"नशीब असतं एकेकाचं," उस्ताद म्हणाले.

"असेल. आता तुम्ही बसा."

उस्ताद हसतच स्टुलावर बसले. बायकोने मोगरी घेतली. चाक टांगून झाले की ती उस्तादांच्या खांद्याला हात लावी, मग वाजवी. उस्ताद मान कलती करून निकाल देत होते, ठासून, मधूनमधून कारणांसह. पाचव्या चाकाच्या वेळी त्यांनी धातूच्या जातीवरही दोन शब्द सांगितले.

"झालं?"

"झालं."

"किती?"

"चार बरोबर."

"आठातली चार?"

"आठातली चार." बायकोने मोगरी जागेवर ठेवली. "पाचव्याला मी मारलंच नव्हतं. तेव्हाही तुम्ही 'चांगलं' म्हणालात."

उस्ताद वळले. पाचवे चाक अजून जमिनीवर भिंतीला टेकून उभे होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारले.

"दोन वर्षं होतील. दाराची बेल आधी गेली. मग फोन. जाड आवाज येतात तुम्हाला. ट्रक, भांडण, जवळून मोठ्याने बोललेलं, तुमचं स्वतःचं बोलणं. बारीक काही येत नाही."

"आणि हे मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की. तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही 'बरं' म्हणालात."

उस्तादांनी डॉक्टरला फोन लावला. पलीकडून काहीतरी पुटपुट आली. ती डॉक्टरची होती की कंपाउंडरची, हे त्यांना कळेना. आपण गेली दोन वर्षे फोनवर नुसतेच बोलत आलो आहोत, ऐकत कधीच नव्हतो, हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आले. बाकी कोणाच्या हे लक्षात आले नव्हते, कारण आधीच्या तीस वर्षांत तरी त्यांनी कोणाचे कुठे ऐकले होते?

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ते दवाखान्यात गेले. डॉक्टर एका गृहस्थाच्या उघड्या तोंडावर ओणवा होता.

"चाक परत द्या," उस्ताद म्हणाले.

"अरे, उस्ताद! काय झालं?"

"पुन्हा बघायचंय."

"का पण?"

"कारण विचारू नये," उस्ताद सवयीने म्हणून गेले.

डॉक्टराने तोंडावरचा मास्क खाली ओढला, म्हणून पुढचे उस्तादांना ओठांवरून तरी समजले. "उस्ताद, चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला भीतभीत म्हटलं होतं, एकदा त्या चीर दाखवणाऱ्या लाल औषधाच्या फवाऱ्याने चाक तपासून घेऊ या का? आठवतंय काय म्हणालात? 'ज्याला माझ्या टिंबावर शंका आहे त्याने बैलगाडी घ्यावी.' सगळ्या क्लबसमोर म्हणालात. मला वर्षभर बैलगाडी म्हणत होते लोक. आता तुमच्या टिंबावर मी शंका घ्यायची? शक्य नाही."

"मी घेतोय ना शंका."

"तुमची परीक्षा मला कळते हो. मी हो म्हटलं की उद्या माइकवरून सांगाल, बघा, याचा विश्वास डळमळला." डॉक्टर खुर्चीतल्या गृहस्थाकडे वळला. "काय, बरोबर ना?"

"आँ," गृहस्थ उघड्या तोंडाने म्हणाले.

उस्तादांनी तोंड उघडले. 'ऐकू येत नाही' हे तीन शब्द होते, आणि ते एका दातवाल्यासमोर, त्याच्या कंपाउंडरसमोर आणि एका अनोळखी माणसाच्या दाढेसमोर उच्चारायचे होते. त्यांनी तोंड मिटले आणि ते घरी आले.

"दिलं?" बायकोने हाताने खूण करून विचारले.

"नाही. मूर्ख आहे. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाने जाऊ द्यावं. जगात दातवाले काय कमी आहेत?"

बायको समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश, तोंड मोठे करून बोलली. "त्याची आई बसणार आहे पुढे. तिने काय घोडं मारलंय तुमचं?"

दुपारभर उस्ताद शेडमध्ये होते. एकदा त्यांनी डॉक्टरच्या चाकासारखे ते आठवे चाक टांगले, वाजवले आणि कान अगदी जवळ नेला. मग कपाळ टेकवले. कपाळाला थरथर लागली. नाद लागला नाही. संध्याकाळी त्यांनी पिशवी भरायला घेतली: टायर उतरवायच्या पट्ट्या, मोगरी, दोरी, रंग खरवडायचे पाते. मग इकडेतिकडे बघत, घरात बायकोखेरीज कोणीच नसताना, रॉकेलची बाटली आणि खडूचा डबा.

"मी येते," बायको म्हणाली. "तुम्ही वाजवा, मी ऐकीन."

"क्लबमध्ये? तिथे बायका फक्त फोटोत असतात."

"मग एक फोटो काढून घेईन."

रविवारी सकाळी मैदानावर सतरा गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे तिचा मालक, आपणच ती बनवल्यासारखा. जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला वाटते की तो इतिहास जपतो आहे. प्रत्यक्षात तो एक ड्रायव्हर, दोन मेकॅनिक आणि एक सोशिक बायको जपत असतो आणि इतिहास त्या चौघांच्या जिवावर जपला जातो. क्लबचे अध्यक्ष आयुष्यभर फरशा विकून आता भूतकाळाकडे वळले होते. डोक्यावर चामड्याची टोपी घालून ते लाउडस्पीकरवरून सूचना देत होते. टोपीच्या कानपट्ट्या हनुवटीखाली घट्ट बांधल्या होत्या, वारा नव्हता तरी.

डॉक्टरच्या गाडीत पुढच्या सीटवर त्याची आई बसली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर थर्मास, नजर समोर. उस्ताद सरळ त्या गाडीपाशी गेले आणि पुढच्या डाव्या चाकाजवळ त्यांनी पिशवी टेकवली.

"हे काढा."

"उस्ताद, आता?" डॉक्टर म्हणाला. "दहा मिनिटांत निघायचंय."

अध्यक्ष जवळ आले. "काय प्रॉब्लेम आहे? याच्यावर टिंब आहे ना? मग आपणच पास केलंय."

"केलंय. चुकलंय."

"उस्ताद चुकले!" अध्यक्षांनी हात वर करून जाहीर केले, आणि आजूबाजूचे आठ-दहा जण मनापासून हसले. उस्ताद विनोद करत आहेत याबद्दल कोणालाही शंका नव्हती. त्यांचे विनोद असेच असत, कोणाला तरी खड्ड्यात घालणारे. आजचा खड्डा जरा नवा होता, इतकेच. "मग आम्ही काय बैलगाडीने जायचं?" मागून कोणीतरी म्हणाले, आणि हशा पुन्हा उसळला.

उस्तादांनी बायकोकडे पाहिले. ती पिशवी धरून उभी होती. ती मदतीला आली नाही. हे त्यांचे त्यांनाच करायचे होते.

"मला ऐकू येत नाही," उस्ताद म्हणाले.

हळू म्हणाले, असे त्यांना वाटले. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला स्वतःचा आवाजही मापून काढता येत नाही. ते वाक्य सतराव्या गाडीपर्यंत गेले. "दोन वर्षं झाली. मोगरी मारतो आणि नुसता उभा राहतो. काय वाजतं ते मला कळत नाही. तरी टिंब मारलं."

एकामागून एक इंजिने बंद झाली. उस्तादांना ते ऐकू आले नाही. बॉनेटांची थरथर थांबलेली दिसली.

"अहो, पण हे..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

गाडीचे दार उघडले. डॉक्टरची आई थर्मास घेऊन खाली उतरली. "काढ रे ते चाक," ती मुलाला म्हणाली. "एवढ्या लोकांत माणूस एवढं बोलला, ते काय हवापाण्याचं बोलला?"

जॅक लागला. चाक निघाले. जुने ट्यूबचे टायर हाताने उतरतात, म्हणून बरे. टायरसकट चाक मुके असते, ते वाजत नाही. उस्तादांनी पट्ट्यांनी टायर सोडवला, उघडे चाक क्लबच्या फलकाच्या लोखंडी आडव्या दांड्याला टांगले आणि वाजवले.

"बद्द," बायको म्हणाली.

"वहिनी, आपलं यातलं शिक्षण काय?" अध्यक्षांनी विचारले.

"मडकं घेताना वाजवून घेता ना? तेवढंच."

"म्हणजे मडक्याच्या परीक्षेवर आम्ही वार्षिक फेरी थांबवायची?"

उस्तादांनी चाक जमिनीवर पालथे घातले. नटांच्या भोकांभोवतीचा रंग पात्याने खरवडला. डॉक्टर "अहो, रंग, रंग" म्हणाला, पण ते त्यांना ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी रॉकेल लावले. लोक घड्याळे बघत होते. उस्ताद पाव तास चाकाजवळ उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी कोरड्या फडक्याने ते लख्ख पुसले, खडूची पूड पसरली आणि मागे सरकले.

पूड पांढरी होती. पांढरीच राहिली. अध्यक्षांनी घसा साफ केला. तेवढ्यात एका भोकाच्या कडेशी जरासे ओले दिसले. ते ओलेपण लांबू लागले. केसाएवढी रेघ भोकातून निघाली, वळली आणि आऱ्यात दोन बोटे शिरली.

डॉक्टराने रेघेकडे पाहिले. मग आईकडे पाहिले. ती थर्मासच्या झाकणात चहा ओतत होती. तो खाली बसला, गवतावर, पांढऱ्या पँटसकट.

मग कोणीतरी म्हणाले, "माझ्यावरही टिंब आहे," आणि सगळेच बोलू लागले. उस्तादांनी तीस वर्षांत ज्याला ज्याला मूर्ख म्हटले होते, त्याला त्याला आज बोलायची संधी होती, आणि कोणी ती सोडली नाही. हा फसवणुकीचा प्रकार आहे, असे एक जण म्हणाला. तोंड वर करून बोलायचा, बघा आता, असे दुसरा. तुमच्या त्या करवतीने आधी स्वतःचे कान कापून घ्यायचे होते, असे तिसरा म्हणाला, आणि ते इतरांना फार आवडले. अध्यक्षांनी लाउडस्पीकर हातात असल्याचे विसरून 'थेरडा' हा शब्द वापरला. यातला निम्मा भाग उस्तादांपर्यंत पोचलाच नाही. पूर्ण यादी त्यांच्या बायकोने ऐकली, आणि ती तोंडाची रेषसुद्धा न हलवता उभी राहिली.

बोलून सगळे दमल्यावर उस्तादांनी विचारले, "झालं? मग जॅक लावा. गेल्या दोन वर्षांतली चाकं मला आठवतात. इथे नऊ आहेत. बाकीच्यांच्या घरी उद्यापासून जातो. बापाची शपथ घालून सांगा त्यांना, तोवर त्या गाड्या हलवू नका."

"आणि फेरी?" अध्यक्ष म्हणाले.

"चालत जा. डोंगर कुठे जात नाही."

हे त्यांनी जुन्याच आवाजात म्हटले, आणि गंमत अशी की लोकांना त्यामुळे जरा बरे वाटले.

दिवस वर आला, कलला. गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढल्या आणि एका पायाने लंगड्या उभ्या राहिल्या. मालकांनी डोंगरावर खायला आणलेले डबे मैदानातच उघडले. उस्ताद टायर उतरवत, चाक टांगत, मोगरी मारत, बायको ऐके, मग रॉकेल, मग खडू. कानाने पास झालेलेही त्यांनी खडूवाचून सोडले नाही. कोणी हसले नाही. हळूहळू लोक चाक स्वतःच आणून ठेवू लागले, आणि ठेवताना उस्तादांकडे न बघता 'वहिनी, हे बघता का' म्हणू लागले. उस्ताद ते ओठांवरून वाचत होते. सहावे चाक बद्द निघाले; त्याचा मालक निवृत्त न्यायाधीश होता. त्याने या वेळी गुडघे टेकले नाहीत. नुसतेच चाक उचलून करवतीसाठी बाजूला ठेवले.

नववे चाक अध्यक्षांचे. ऊन मैदानाच्या टोकाला गेले होते. लाउडस्पीकर गवतात आडवा पडला होता. उस्तादांनी वाजवले.

"चांगलं आहे," बायको म्हणाली.

रॉकेल लावले, पुसले, खडू टाकला. रेघ आली नाही. अध्यक्ष टायर घेऊन पुढे आले, पण उस्तादांनी त्यांना हाताने थांबवले, चाक झाडून पुसून पुन्हा दांड्याला टांगले आणि मोगरी मारली.

"अहो, चांगलं आहे म्हटलं ना."

"माहीत आहे," उस्ताद म्हणाले. "किती वेळ वाजतं?"

बायकोने उजवा हात खांद्याएवढा वर उचलला आणि तसाच धरला. चाक दोरीवर हलकेच फिरत होते. अध्यक्ष टायर धरून उभे होते. बऱ्याच वेळाने हात खाली येऊ लागला, अगदी सावकाश, मध्येच थोडा थांबून, पुन्हा खाली, कोपराशी, कमरेशी, आणि शेवटी तिच्या अंगाला टेकला.

तोपर्यंत उस्तादांनी डोळ्याची पापणी हलवली नव्हती. मग त्यांनी मान डोलावली आणि दोरी सोडवायला घेतली.